फॅकल्टी: सनद, हातोटी आणि अक्कलहुशारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीला अमेरिकेतल्या विद्यापीठाचं पत्र आलं, त्यात 'फॅकल्टी ॲडव्हायझर' असा उल्लेख आहे. घराजवळच्या क्लासच्या फलकावर 'अनुभवी फॅकल्टी' लिहिलंय. आणि काकांनी इंग्रजीत करून ठेवलेल्या मृत्युपत्राची सुरुवातच 'इन फुल पझेशन ऑफ माय फॅकल्टीज' अशी आहे. कोशात पाहावं तर क्षमता, विद्याशाखा, अध्यापक, परवाना असे अर्थ एकाखाली एक. हे चार वेगळे शब्द आहेत की एकच? आणि मृत्युपत्राचं मराठी करताना तिथे काय लिहायचं?

शब्द एकच आहे. अर्थ त्याला नंतर फुटत गेले, आणि कोणत्या क्रमाने फुटले ते कळलं की कोशातली ती उतरंड पाठ करावी लागत नाही. मी तीस वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतराचं काम करतो, त्यातलं निम्म्याहून अधिक कोर्टकचेरीच्या आणि विद्यापीठांच्या कागदांचं. हा शब्द दोन्हीकडे भेटतो आणि दोन्हीकडे फसवतो. मला त्याने कसं फसवलं ते आधी सांगतो, कारण त्याच फसगतीत उत्तराचा मोठा भाग आहे.

नवखा होतो तेव्हाची गोष्ट. लंडनमध्ये राहणाऱ्या एका गृहस्थांनी पुण्यातला फ्लॅट विकण्यासाठी धाकट्या भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून पाठवलं होतं. शेवटच्या पानावर तिथल्या नोटरीचा दाखला, खाली उठावाची मोहोर. दाखल्यात नोटरीने स्वतःबद्दल म्हटलं होतं, 'होल्डिंग अ फॅकल्टी टू प्रॅक्टिस थ्रूआउट इंग्लंड अँड वेल्स'. मी कोश उघडला, पहिला अर्थ उचलला आणि लिहिलं: 'संपूर्ण इंग्लंड व वेल्समध्ये सराव करण्याची क्षमता बाळगणारा'. ज्या वकीलसाहेबांचं काम होतं त्यांनी ते मोठ्याने वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "अहो, हा नोटरी आहे की पहिलवान? सराव कसला करतोय तो?" मग पेन्सिलीने माझी ओळ खोडून वर चार शब्द लिहिले: 'नोटरीची सनद धारण करणारा'.

सनद! वकिलाला मिळते ती. हातात धरता येणारा कागद, आणि त्या कागदाने मिळणारा अधिकार, दोन्ही एकाच शब्दात. इंग्रजी 'फॅकल्टी'चा तिथला अर्थ तंतोतंत हाच आहे. इंग्लंड आणि वेल्समधले नोटरी आजही कँटरबरीच्या आर्चबिशपच्या 'फॅकल्टी ऑफिस'कडून नेमले जातात. ऐकायला विचित्र वाटतं; दस्तांवर शिक्के मारणाऱ्या माणसाचा धर्मगुरूशी काय संबंध? संबंध जुना आहे. नियमातून सूट देणं, एरवी करता येणार नाही ते करायची मुभा देणं हा अधिकार पूर्वी पोपकडे होता. आठव्या हेन्रीने रोमशी फारकत घेतली तेव्हा १५३३ च्या कायद्याने तो कँटरबरीकडे आला, आणि ही मुभापत्रं देणारी कचेरी 'फॅकल्टी'च्या नावाने उभी राहिली. नेहमीच्या जागेऐवजी दुसरीकडे लग्न लावायचं असेल तर लागणारा खास परवाना तिथूनच मिळतो. इंग्लंडमधल्या चर्चमध्ये खिडकीची रंगीत काच बदलायची किंवा जुनी बाकं काढायची म्हटलं तरी धर्मप्रांताच्या न्यायालयाकडून 'फॅकल्टी' घ्यावी लागते. रोमन कॅथॉलिक चर्चमध्येही हा अर्थ जिवंत आहे. धर्मगुरूला दीक्षा मिळाली तरी पापनिवेदन ऐकण्यासाठी वेगळी 'फॅकल्टी' लागते, ती बहुधा बिशप देतो. वसईच्या एका कुटुंबाचे कागद करताना हा शब्द पुन्हा समोर आला. तोवर मी शहाणा झालो होतो. 'अधिकार' लिहून मोकळा झालो.

कोशात सर्वांत खाली, 'क्वचित' असा शिक्का मारून टाकलेला हा परवान्याचा अर्थ मी मुद्दाम आधी घेतला. वरवर लांबचे वाटणारे बाकीचे अर्थ यालाच येऊन मिळतात.

आता मुळाकडे. लॅटिनमध्ये 'फाकेरे' म्हणजे करणं. त्यापासून 'फाकिलिस', म्हणजे करायला सोपं. मराठीत याचा अगदी जुळा शब्द आहे: सुकर. कृ धातूपासून सुकर आणि उलट दुष्कर. तसंच तिकडे फाकिलिस आणि उलट 'डिफिकिलिस', ज्याच्या घराण्यातून इंग्रजी 'डिफिकल्ट' आला. फाकिलिसपासून दोन नामं झाली. एक 'फाकिलितास', म्हणजे सोपेपणा, सफाई. इंग्रजीत ते 'फॅसिलिटी' झालं. दुसरं 'फाकुल्तास', म्हणजे करता येण्याची स्थिती. ते फ्रेंचमधून १४ व्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत 'फॅकल्टी' म्हणून उतरलं. थोडक्यात फॅसिलिटी आणि फॅकल्टी या सख्ख्या बहिणी. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात 'एक्सलंट फॅसिलिटीज अँड फॅकल्टी' असं छापतात तेव्हा छापणाऱ्याला ठाऊक नसतं, पण बहिणी बऱ्याच वर्षांनी शेजारी बसलेल्या असतात.

या फाकेरेचं गणगोत आपल्या रोजच्या बोलण्यात भरपूर आहे. फॅक्टरी, फॅक्ट, इफेक्ट, डिफेक्ट, प्रॉफिट, सर्टिफिकेट हे तर उघडच. ऑफिससुद्धा त्यातलंच. फॅशनही. आणि आता अडगळीत गेलेला फॅक्स, म्हणजे 'फॅक्सिमिली', 'तसंच कर'.

लॅटिनमध्ये 'फाकुल्तास'चे अर्थ तेव्हाच तीन-चार होते. बोलण्याची फाकुल्तास म्हणजे वक्तृत्वाची हातोटी. काही करण्याची फाकुल्तास म्हणजे संधी, वाव. आणि अनेकवचनात, 'फाकुल्तातेस' म्हणजे चक्क पैसाअडका, मालमत्ता. हे शेवटचं ऐकून लोक चमकतात, पण मराठी माणसाने चमकू नये. आपल्याकडे 'ऐपत' आहे की. 'लग्नात एवढा खर्च करायची त्याची ऐपत नाही' म्हटलं की आपण त्याच्या दंडातल्या बळाबद्दल बोलत नसतो. करता येणं आणि करण्यापुरतं गाठीशी असणं यांच्यात भाषा फारसं अंतर ठेवत नाहीत. जर्मनमध्येही क्षमता आणि संपत्ती या दोन्हींना एकच शब्द आहे, 'फेरम्योगेन'. तो पुढे एकदा लागणार आहे.

फाकेरेच्याही मागे गेलं तर गंमत वाढते. भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ ज्या आदिधातूत शोधतात, त्याचंच संस्कृत रूप म्हणजे 'धा', ठेवणं, घालणं, मांडणं. शब्दाच्या सुरुवातीचा मूळ 'ध' लॅटिनमध्ये 'फ' होतो, हा ठरलेला नियम आहे. आपला धूम तिकडे 'फूमुस'. 'भ'चंही तसंच, भ्रातृ तिकडे 'फ्रातेर'. म्हणून धा तिकडे 'फा', आणि पुढचा क हा लॅटिनने जोडलेला. इंग्रजीतले 'डू' आणि 'डीड' याच धातूचे. मराठीतलं याचं पीक मोजता येणार नाही: विधान, निधान, समाधान, प्रधान, संधी, उपाधी. 'हित'सुद्धा धाचंच रूप आहे, त्यामुळे विहित, संहिता, पुरोहितही आले. आणि 'विधी'. कायद्याच्या विद्याशाखेला आपण 'विधी विद्याशाखा' म्हणतो. म्हणजे 'फॅकल्टी ऑफ लॉ'मधल्या फॅकल्टीचा दूरचा चुलत भाऊ मराठी नावात येऊन बसला, तो मात्र 'लॉ'च्या जागेवर.

एक इशारा देऊन ठेवतो. 'फॅकल्टी हा शब्द संस्कृतातून गेला' असं यावरून कोणी सांगू लागलं तर हात जोडावेत. चुलत भाऊ म्हणजे बाप नव्हे. दोघांचा पणजोबा एक, एवढंच. मला या घराण्यात जास्त आवडते ती दुसरीच जोडी: श्रत् आणि धा मिळून 'श्रद्धा', आणि तेच दोन तुकडे लॅटिनमध्ये मिळून 'क्रेदो', ज्यातून 'क्रेडिट' आलं. विद्यापीठांतल्या क्रेडिटला आपण मराठीत श्रेयांक म्हणतो. व्युत्पत्तीला धरून म्हणायचं तर श्रद्धांकही चाललं असतं, आणि परीक्षा विभागाचा कारभार पाहिलेले काही विद्यार्थी त्याला दुजोराही देतील.

पण शिक्षणातला अर्थ नुसत्या लॅटिनवरून कळत नाही. मध्ये ग्रीक येतं. ग्रीकमध्ये 'ड्युनामिस' म्हणजे शक्ती, सामर्थ्य (डायनामो, डायनामाइट यातले). ॲरिस्टॉटल हा शब्द एखाद्या विद्येसाठीही वापरतो. वक्तृत्व, वैद्यक ही नुसती माहिती नसून काहीतरी करू शकण्याची शक्ती आहे, या अर्थाने. लॅटिनमध्ये हे आणताना ड्युनामिससाठी 'फाकुल्तास' योजला गेला, आणि त्या शब्दाला 'ज्ञानाची शाखा' हा नवा अर्थ चिकटला. ज्याला एखादी विद्या येते त्याला काहीतरी करता येतं, म्हणून विद्या हीच फाकुल्तास.

याच ड्युनामिसचा दुसरा प्रवास आपल्या घरापर्यंत येतो. दुसऱ्या शतकातला वैद्य गेलेन याने शरीराच्या नैसर्गिक शक्तींवर ग्रंथ लिहिला: ओढून घेणारी शक्ती, धरून ठेवणारी, पचवून बदलणारी, बाहेर टाकणारी. त्याचं लॅटिन भाषांतर इंग्लंडच्या टॉमस लिनेकरने १५२३ मध्ये छापलं, शीर्षकात 'फाकुल्तास'चंच रूप. पण त्याच्या कितीतरी आधी, ९ व्या शतकात, बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या मंडळींनी गेलेनचे ग्रंथ अरबीत नेले होते, आणि अरबीत ड्युनामिससाठी रूढ झालेला शब्द होता 'कुव्वत'. युनानी हकीम आजही जाज़िबा, मासिका, हाज़िमा, दाफिआ अशा चार कुव्वती सांगतात. त्यातली हाज़िमा म्हणजे आपला हाजमा. आणि कुव्वत म्हणजे आपली, फारसीच्या वाटेने आलेली, 'कुवत'. 'आपली कुवत ओळखून वागावं' असं आजी म्हणायची. एकाच ग्रीक शब्दाचं पश्चिमेला भाषांतर झालं फॅकल्टी आणि पूर्वेला कुवत, हे मला पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी काम बाजूला ठेवून चहा मागवला होता. कोशात फॅकल्टीसमोर कुवत लिहिताना आता हात अडखळत नाही.

बरं, ज्ञानशाखेवरून शिक्षकांच्या गटापर्यंत शब्द कसा आला? त्यासाठी १३ व्या शतकातल्या पॅरिसला जावं लागतं. विद्यापीठ म्हणजे तेव्हा इमारत नव्हती, परिसर नव्हता. शिकवणाऱ्यांचा एक संघ होता, सुतारांचा किंवा विणकरांचा असतो तसा. कोणी शिकवायचं हा त्या संघाचा कळीचा प्रश्न. १२१५ मध्ये पोपचा प्रतिनिधी रॉबेर द कूरसाँ याने पॅरिससाठी जे नियम घालून दिले, त्यात कला विषय शिकवणारा किमान २१ वर्षांचा हवा आणि त्याने सहा वर्षं पाठ ऐकलेले हवेत, धर्मशास्त्र शिकवणारा किमान ३५ वर्षांचा हवा, असं बजावलेलं आहे. म्हणजे शिकवता येणं वेगळं आणि शिकवायची मुभा असणं वेगळं. मुभा मिळालेल्यांनी आपापल्या विद्येनुसार गट केले: कला, धर्मशास्त्र, चर्चचा कायदा, वैद्यक. त्या चार विद्या त्या चार फॅकल्टी, आणि त्या शिकवायचा हक्क असलेले गुरुजी हीच फॅकल्टी. विद्या, तिचा अधिकार आणि ती माणसं यांच्यात तेव्हा फट नव्हती. नोटरीची सनद आणि विद्यापीठाची विद्याशाखा इथे एकमेकींना भेटतात. जर्मनीत तर हा धागा फार उशिरापर्यंत उघडा दिसतो. प्रशियात १८१० मध्ये शाळेच्या वरच्या वर्गांवर शिकवणाऱ्यांसाठी जी परीक्षा सुरू झाली, तिचं लॅटिन नावच मुळी 'शिकवण्याच्या फाकुल्तासची परीक्षा'.

पॅरिसच्या त्या चारांत कला ही खालची पायरी. ती चढल्याशिवाय वरच्या तिघींत प्रवेश नाही. ही उतरंड शतकानुशतकं टिकली. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९८ मध्ये या विद्याशाखांच्या भांडणावर एक पुस्तक लिहिलं. धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक या 'वरच्या', कारण लोकांचं परलोक, मालमत्ता आणि शरीर त्या सांभाळतात आणि सरकारचा त्यांच्यावर डोळा असतो; तत्त्वज्ञानाची 'खालची', म्हणून तिला हुकूम सोडता येत नाही, पण खरंखोटं तपासायची मोकळीक तिलाच हवी, असं त्याचं म्हणणं. भाषांतरकाराच्या दृष्टीने त्यात एक सोय आहे. कांट मनाच्या शक्तींवरही पानंच्या पानं लिहितो, पण त्यासाठी तो मघाचा 'फेरम्योगेन' वापरतो आणि विद्यापीठाच्या शाखेसाठी 'फाकुल्टेट'. इंग्रजीत दोन्हीकडे फॅकल्टी. म्हणून कांटचं मराठी इंग्रजीवरून करायला बसलेल्याने दर वेळी थांबून बघायला हवं. (जर्मनमध्ये 'फाकुल्टेट'चा आणखी एक अर्थ आहे, गणितातलं फॅक्टोरियल. पाचासमोर उद्गारचिन्ह काढलं की जर्मन मुलं 'पाच फाकुल्टेट' म्हणतात.)

वैद्यांच्या बाबतीत शब्दाने एक फाटा फोडला. इंग्रजीत पूर्वी नुसतं 'द फॅकल्टी' म्हटलं की समस्त डॉक्टर मंडळी असा अर्थ व्हायचा. ग्लासगोतली वैद्य-शल्यविशारदांची १५९९ सालची संस्था स्वतःला फॅकल्टीच म्हणवायची. कॉलेज ती १९६२ मध्ये झाली. एडिनबरातल्या वकिलांची संघटना तर आजही 'फॅकल्टी ऑफ ॲडव्होकेट्स' आहे. तिथे शिकवण्याचा काही संबंध नाही, संबंध सनदेचा. जुन्या डॉक्टरांच्या पाट्यांवर पदव्यांच्या लांबलचक आद्याक्षरांत ग्लासगोच्या आधी एक 'एफ' दिसतो, तो या फॅकल्टीचा. भारतातल्या सुरुवातीच्या स्त्री डॉक्टरांपैकी एक, कादंबिनी गांगुली, यांनी १८९३ मध्ये स्कॉटलंडमध्ये ज्या तीन अर्हता एकदम मिळवल्या त्यातली एक हीच.

आता आपल्याकडे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं तेव्हाच्या कायद्यात कला, कायदा, वैद्यक आणि स्थापत्य यांच्या पदव्या होत्या. पॅरिसच्या चौकटीतून धर्मशास्त्र गेलं आणि पूल-रस्ते बांधणारे आले, यावरून काळ कळतो. हा शब्द इथे इंग्रजांबरोबर, ब्रिटिश अर्थाने आला: विद्यापीठाचा मोठा विभाग. मराठीत त्याला 'विद्याशाखा' रूढ झाला आणि तो चांगला शब्द आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये चार विद्याशाखा आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या, आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. प्रत्येकीचा प्रमुख अधिष्ठाता. त्याआधी विद्याशाखा पुष्कळ जास्त असत. पुणे विद्यापीठात मानसिक, नैतिक आणि सामाजिक शास्त्रांची मिळून एक होती, जिच्या इंग्रजी नावात 'फॅकल्टी' आणि 'मेंटल' शेजारी शेजारी नांदत. ते नाव कागदावर आलं की मी उगाच हसायचो.

बोलीत मात्र विद्याशाखा कोणी म्हणत नाही. दहावीनंतर 'कुठली साइड घेतलीस?' असंच विचारतात. आधीच्या पिढीतले काका 'कुठल्या फॅकल्टीला आहेस?' म्हणायचे. इथे जपायचं एवढंच की विद्याशाखा, शाखा आणि विभाग यांची मिसळ करू नये. अकरावीची कला शाखा ही फॅकल्टी नव्हे. आणि मराठी विभाग हा मानव्यविद्या या विद्याशाखेतला एक विभाग.

अमेरिकेने शब्दाचं दुसरं टोक पकडलं. तिथे फॅकल्टी म्हणजे शिकवणारी माणसं, सगळी मिळून. 'फॅकल्टी अँड स्टाफ' असं ते म्हणतात तेव्हा स्टाफ म्हणजे न शिकवणारे. ब्रिटनमध्ये शिकवणारेही 'ॲकॅडेमिक स्टाफ'. मराठीत अमेरिकन जोडीला आयतं रूप आहे: शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी. फॅकल्टीला अध्यापकवर्ग म्हणा, शाळा असेल तर शिक्षकवृंद. मुलीच्या पत्रातला 'फॅकल्टी ॲडव्हायझर' म्हणजे तिच्यासाठी नेमलेले मार्गदर्शक प्राध्यापक. हा कचेरीतला समुपदेशक नव्हे, शिकवणाऱ्यांपैकीच कोणीतरी, एवढी माहिती त्या शब्दात आहे; ती मराठीत यायला हवी. फ्रान्समधली पोरं तर कॉलेजला जातो म्हणायच्या ऐवजी 'फाक'ला जातो म्हणतात, आणि ब्राझीलमध्ये 'फाकुल्दाद' म्हणजे सरळ कॉलेजच.

भारतात आपण एक पाऊल पुढे गेलो. इथे एकटा शिक्षकही फॅकल्टी. 'फिजिक्सचे फॅकल्टी सोडून गेले', 'नवीन फॅकल्टी जॉइन झाल्यात', 'आज गेस्ट फॅकल्टी येणार'. शुद्धतावादी यावर वैतागतात. मी वैतागत नाही. समूहाचा शब्द एका माणसाला लावणं भाषांना नवं नाही. शिवाय यामागे एक व्यवहार आहे. कोचिंग क्लासमधल्या तासावर पैसे घेणाऱ्या माणसाला प्राध्यापक म्हणता येत नाही, कारण ते पद आहे. मास्तर म्हटलेलं त्याला रुचत नाही. सर हे संबोधन झालं, हुद्दा नव्हे. फॅकल्टीने ती अडचण सोडवली. नाव भारदस्त, बांधिलकी शून्य. व्याकरणाची गंमत मात्र बघण्यासारखी आहे. शाखा म्हणून फॅकल्टी स्त्रीलिंगी, पण सर असतील तर 'आमचे फॅकल्टी', मॅडम असतील तर 'आमच्या फॅकल्टी'. 'फॅकल्टी चांगली आहे' या वाक्यात सगळे शिक्षक चांगले की एकच, हे बोलणाराच जाणे. क्लासच्या फलकाचं मराठी करायचंच तर 'अनुभवी शिक्षक' पुरे. फक्त इंग्रजी जाहिरातीत 'अवर फॅकल्टीज आर व्हेरी स्ट्राँग' लिहू नये. बाहेरचा वाचक त्याचा अर्थ 'आमची अक्कल फार तल्लख आहे' असा घेईल.

कारण अनेकवचनातलं 'फॅकल्टीज', मागे माणसाचा संदर्भ असला की, सहसा मनाच्या शक्तींकडे जातं. मन म्हणजे वेगवेगळ्या शक्तींचं कोठार, स्मृती एक, कल्पना एक, इच्छा एक, ही कल्पना युरोपात फार काळ चालली. आपल्याकडचं मन, बुद्धी, चित्त, अहंकार हे चतुष्टय तिला जवळचं वाटतं, पण मी त्यांची सरसकट अदलाबदल करत नाही. बुद्धी ही तिकडच्या 'रीझन'पेक्षा वेगळ्या घरची आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९० मध्येच या कल्पनेची थट्टा केली होती. फॅकल्टी जणू काम करणारी कोणी व्यक्तीच असल्यासारखं बोलायचं असेल, तर गाण्याची फॅकल्टी गाते आणि नाचण्याची नाचते असंही म्हणा, हा त्याचा टोला. तरी १०० वर्षांनी फ्रान्झ गाल नावाच्या वैद्याने मनाच्या २७ शक्ती मोजल्या आणि कवटीवरच्या उंचवट्यांवरून त्या ओळखता येतात असं सांगून चांगला जम बसवला. कवट्या चाचपणं थांबलं, शब्द राहिला. चॉम्स्कींच्या परंपरेतले भाषाशास्त्रज्ञ माणसाच्या उपजत भाषाशक्तीला 'लँग्वेज फॅकल्टी' म्हणतात. तिथे मराठीत 'भाषिक क्षमता' लिहिलेलं आढळतं, पण क्षमता हा शब्द त्यांच्याच 'कॉम्पिटन्स'ला आधीच देऊन बसलेला असतो. भाषाशक्ती बरं. एरवीही या अर्थासाठी मराठीला नवा शब्द शोधावा लागत नाही; क्रियेपुढे शक्ती लावली की झालं. स्मरणशक्ती, ग्रहणशक्ती, विचारशक्ती, पचनशक्ती. बोलण्याच्या फॅकल्टीला तर सुटा शब्दच आहे: वाचा. 'त्यांची वाचा गेली' यापेक्षा नेमकं भाषांतर होणार नाही. आणि 'शी हॅज अ फॅकल्टी फॉर मेकिंग फ्रेंड्स' दिसलं की शक्ती, क्षमता सगळं विसरून 'माणसं जोडण्याची हातोटी' लिहावं. हातोटीत हात आहे, म्हणजे करणं आहे. फाकेरेच्या इतकं जवळ दुसरा कुठला मराठी शब्द जात नाही.

राहता राहिलं काकांचं मृत्युपत्र. तिथे 'माझ्या सर्व क्षमता माझ्या पूर्ण ताब्यात असताना' असं लिहिलेलं मी एका मसुद्यात पाहिलंय. 'माझ्या सर्व मानसिक शक्तींचा मी मालक असून' असंही एकाने लिहून आणलं होतं. दोन्ही वाचून लिहिणाऱ्याच्या शुद्धीबद्दल शंका येते, आणि मृत्युपत्रात नेमकी तीच येऊ द्यायची नसते. आपल्या दस्तलेखकांनी या जागेसाठी फार पूर्वीच शब्द घडवून ठेवलाय. जुने दस्त काढून बघा, जवळजवळ प्रत्येकात असतो. काकांच्या कागदावर तोच लिहा: 'मी हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून ठेवीत आहे.' इंग्रजीत दडपणाचा उल्लेख नसेल तर तेवढा तुकडा गाळा, राजीखुशी नसेल तर तीही गाळा. भाषांतरात पदरचं घालायचं नसतं. अक्कलहुशारी मात्र ठेवा.